नजरेस पडलेलं मांस

ओसिराम कॅम्प,
दि. ३ जून १९९९

ती. नाइसुला आत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाण्याच्या ट्रकवाल्यानं पोचवलं. अर्धं तुझ्या गुडघ्याबद्दल आणि अर्धं माझ्या लग्नाबद्दल! दोन्हींवर औषध नाही, तेव्हा तू शाळेतल्या जुन्या बाकावर ऊन खात बस आणि दोन्हींचा विचार सोड.

इकडची खबर म्हणजे काल दुपारी, जनावरं बघायला आलेले पाहुणे जेवायला बसले आणि एक हत्तीण पिल्लाला घेऊन थेट जेवणाच्या तंबूपाशी आली. सूप वाढून झालेलं. सगळे चमचे हातात धरून पुतळ्यासारखे बसले. एका पाहुण्यानं कुजबुजत विचारलं की उठायचं का, तर आमचा वाढपी त्याला म्हणाला, तिला घाई नाही, तुम्हीही करू नका. ही मजा बघायला मी स्वयंपाकघराबाहेर आले, तेवढ्यात मागून माकडानं लोण्याचं भांडं पळवलं. लोणी गेलं ते गेलं, वर झाडावरून झाकण माझ्याच अंगावर फेकलं मेल्यानं.

आता खरी गोष्ट सांगते. रागानं दोन कागद आधीच फाडलेत.

आमची मॅनेजर फिलिपा हिच्या डोक्यात नवं खूळ आलंय. शनिवारी आपले मोरान, म्हणजे तरुण योद्धे, इथे नाचायला येतात, ते पाहुण्यांना आवडतं. आता तिला त्यांना जेवताना दाखवायचंय. मोठ्या बाभळीखाली लांब टेबल, टेबलापाशी पाहुणे, समोर शेकोटी, आणि शेकोटीपाशी भालेवाली पोरं भाजलेली बकरी खातायत. नाव ठेवलंय योद्ध्यांची मेजवानी. मी तिला नीट समजावलं की आमच्यात मोरान झालेल्या तरुणानं बाईच्या नजरेस पडलेलं मांस खायचं नसतं. ते रानात आडोशाला जाऊन, आपसांत वाटून खातात. आईनंसुद्धा ते बघायचं नाही. असं मांस कुणी खाल्लं तर त्याच्या बरोबरीचे त्याला पंगतीला घेत नाहीत. माझ्या भावाचं, लेमायानचं, डोकं भादरायचा समारंभ येत्या पावसाआधी आहे. वर्षानुवर्षं वाढवलेल्या जटा आई स्वतःच्या हातानं उतरवणार. त्या दिवशी दुसऱ्या वाड्यांवरच्या मोरानांनी त्याच्या तोंडावर म्हटलं की हा बायकांसमोर हाडं चघळणारा, तर तो जन्मभर मान वर करणार नाही. हे सगळं मी फिलिपाला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस, मी तुमच्या म्हाताऱ्यांना विचारते.

आणि विचारलंन! राखीव रानाची आपली कमिटी बसली, बाबा मधोमध. कॅम्पवाले रुसले तर जमिनीचं भाडं जाईल, म्हणून म्हाताऱ्यांनी तोड काढली. काय तोड, ऐक. म्हणे विलायती बायका या बायकाच नव्हेत. त्यांच्यावर आपले संस्कार कुठे झालेत? तेव्हा त्यांची नजर लागत नाही. मग कुणीतरी विचारलं की भाजणार कोण, वाढणार कोण? स्वयंपाकघर तर सिलांतोईच्या हातात. त्यावर बाबा म्हणाले, सिलांतोई चालेल. ती अजून पोरगीच आहे.

आत्या, मी अठ्ठावीस वर्षांची आहे. चौदाव्या वर्षी सुंतेच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडे पळून आले, ती सुरी माझ्या अंगाला लागू दिली नाही. म्हणून गावाच्या लेखी मी बाई झालेच नाही, आणि केस पिकले तरी होणार नाही. इतकी वर्षं ते ऐकून घेतलं. पण आता माझ्या त्याच कमीपणाच्या आडोशानं माझ्याच भावाला बाटवायचं, आणि तेही माझ्या हातून? १९ तारखेच्या शनिवारी मेजवानी आहे. मी काय करू ते कळव, आणि शांत राहा असं लिहू नकोस.

तुझ्या गुडघ्याला आणि जिभेला दोन्हींना बळ मिळो.
तुझी पोर,
सिलांतोई

---

लोइतोकितोक,
दि. ९ जून

चि. सिलांतोईस,
अ. उ. आ.

शांत राहा.

लिहिलं, कारण तू लिहू नकोस म्हणालीस. आता पुढचं वाच. माझा धाकटा भाऊ, तुझा बाप, लहानपणापासून असाच आहे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. भाडं हवंय म्हणून सरळ सांगावं, तर नाही, धर्मशास्त्र काढून बसला. विलायती बायका बायका नव्हेत म्हणे! मग त्यांच्या देशात पोरं काय मेंढ्यांना होतात?

पण मी तुला एक कडू विचारते. तो नियम तुला एवढा प्यारा कधीपासून झाला? मी नवी नवरी होते तेव्हा रानातून धूर दिसला तरी सासू माझं तोंड फिरवायची. का, तर माझ्या डोळ्यांनी मांस विटतं. जसं काही मी बाई नव्हे, माशी! शाळेत पोरींना मी तीस वर्षं सांगितलं की तुमच्या नजरेत विष नाही. आणि आता माझी भाची तोच नियम वाचवायला पदर खोचून उभी. तो आपणहून बुडतोय तर बुडू दे की.

शिवाय तुझं स्वयंपाकघर. रानातल्या कॅम्पात आपल्यातली बाई मुख्य आचारी, हे आधी कुणी पाहिलं होतं? पाव भाजताना तुझे हात किती वेळा पोळले ते मला माहीत आहे. एका बकरीपायी ते घालवू नकोस. पण पोटापुरतं कुणीही शिजवतं, मान ठेवून शिजवणारे थोडे, हेही तुला मीच शिकवलं होतं. तेव्हा माझा सल्ला काय ते माझं मलाच कळेनासं झालंय. म्हातारपण, दुसरं काय.

तुझी आई बाजाराच्या दिवशी येऊन गेली. दुधानं भरलेला, वाळक्या भोपळ्याचा एक मोठा तुंबा देऊन गेली, जैतुनाच्या निखाऱ्यानं धुरावलेला, वास अजून घरात आहे.  उठताना एवढंच म्हणाली की लेमायानसाठी तिनं वस्तरा आणून ठेवलाय, पण तो हातात घ्यायची वेळ नीट येते की नाही, देव जाणे. मग पदरानं डोळे पुसलेन आणि म्हणाली, धूर गेला. चूल पेटलेलीच नव्हती.

जे करशील ते पोट भरून कर, उपाशी पोटी डोकं फिरतं. माया आहेच, ती मोजायची नसते.
तुझी आत्या,
नाइसुला

---

मोरानांची वाडी,
दि. ११ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

माझं अक्षर म्हणजे शेळीनं चिखल तुडवल्यागत आहे, हसू नकोस. ट्रकवाला थांबलाय.

तू फिलिपाशी भांडलीस हे कळलं. बाबांशी भांडू नकोस. आम्हा आठ जणांना कमिटीपुढे उभं केलं होतं. किसेंटू म्हणाला की हे बरं नव्हे, तर बाबांनी काठी उचलली आणि म्हणाले, बापाच्या वयाच्या माणसांना उलट बोलणाऱ्याचं काय होतं ते माहीत आहे ना? शाप कोण ओढवून घेईल? नाही म्हणायची आमची प्राज्ञा नाही. हो म्हणालो तर बाकीच्या वाड्यांवरचे थुंकतील. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आम्ही ठरवलंय की घास तोंडात धरून ठेवायचा, चावायचा नाही, आणि नाचताना अंधारात थुंकून टाकायचा. सगळ्यात धाकटा म्हणतो की बकरी तू भाजलेली असेल तर त्याला ते जमणार नाही. त्याला एक ठेवून दिलीय.

तू मध्ये पडू नकोस. वाटलंच तर तुकडे लहान कर.

तू पळालीस तेव्हा कुठल्या वाटेनं गेलीस ते मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. तूही माझं कुणाला सांगू नकोस.
तुझा धाकटा,
लेमायान

---

ओसिराम कॅम्प,
दि. २१ जून

ती. आत्याच्या चरणी,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचायच्या आधी चहा कर आणि टेकून बस.

लेमायाननं चिठ्ठी पाठवली होती की तुकडे लहान कर. आत्या, ते वाचून मी मैद्याच्या पोत्यावर बसून रडले. भाला घेऊन सिंहापुढे उभा राहील असा माझा भाऊ, आणि बहिणीकडे मागतो काय, तर लहान तुकडे! तिथेच ठरलं. तुझ्या कडू प्रश्नाचंही उत्तर देते. नियम मला प्यारा नाही. पण बायकांच्या नजरेनं मांस विटतं असं म्हणायचं असेल, तर सगळ्या बायकांच्या नजरेनं विटू दे. नसेल तर कुणाच्याच नाही. सोयीनं आज हिला बाई म्हणायचं आणि उद्या तिला पोरगी, हे चालायचं नाही.

शनिवारी बकरी मी भाजली, आणि मन लावून भाजली. वाईट भाजून सूड घेणाऱ्यातली मी नव्हे. सूर्य डोंगराआड गेला तसे पाहुणे टेबलापाशी आले. कंदील लावले होते, पांढरी चादर, मी केलेला पाव, भोपळ्याचं सूप. समोर शेकोटीपाशी कातड्यांवर आठ पोरं बसली होती, गेरूनं माखलेली, आणि चेहरे असे की मयताला आलेत. एका बाजूला कमिटीचे म्हातारे घोंगड्या पांघरून खुर्च्यांवर. फिलिपानं टाळ्या वाजवल्या आणि पाहुण्यांना काहीतरी गोड बोलली. मग मला खूण केली.

मी परात पोरांपुढे ठेवली आणि मागे सरले नाही. डोक्यावरची टोपी काढली. आपल्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की या मांसाकडे मी डोळे उघडे ठेवून बघतेय. बाबांचं नाव घेऊन म्हटलं, मी पारसालोइची लेक. माझ्या अंगाला सुरी लागली नाही, लागणार नाही, आणि मी बाई आहे. ज्याला मी अजून पोरगी वाटते, त्यानं खुशाल घास उचलावा.

मग टेबलाकडे वळले. पाहुण्यांना वाटायला नको की जेवणाला उगाच उशीर होतोय. त्यांना इंग्रजीत सांगितलं की आमचे मोरान बायकांनी पाहिलेलं मांस खात नाहीत, आणि आजची परवानगी अशी मिळाली आहे की या टेबलावर एकही बाई नाही, मॅनेजरही धरून.  मग कॅनडाहून आलेली एक म्हातारी नर्स आहे, तिनं आपल्या बहिऱ्या नवऱ्याला ओरडून विचारलं की चार बाळंतपणं झाली ती मग कुणाची? तो म्हणाला, सूप छान आहे.

फिलिपा लाल झाली. तिनं परवानगी मागितली होती, पण ती कशी मिळाली ते विचारलंच नव्हतं.

बाबा उठले. मला म्हणाले, पोरी, आत जा. मी गेले नाही. मग ते पोरांकडे वळले आणि म्हणाले की पोरीच्या बघण्यानं काही होत नाही, खा. आत्या, खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. फिलिपाची भीती नव्हती. पण आता लेमायाननं घास उचलला असता, तर बापाचं ऐकल्याचं पुण्य त्याला, आणि मी सगळ्या रानासमोर पोरगीच ठरले असते, कायमची. त्याच्या हातात सुरी होती, सुरीच्या टोकाला तुकडा होता. मी लहान केलेला नव्हता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांकडेही नाही. तुकडा परातीत ठेवला, सुरी मातीत खुपसली, उठला, आणि पांघरुणाचं टोक तोंडावर ओढून मांसाकडे पाठ केली. हळूच म्हणाला, बाबा, बाईची नजर पडली. आणि चालू लागला.

मागोमाग किसेंटू, मागोमाग सगळे. सर्वांत धाकटा शेवटी उठला. त्यानं बरगड्यांकडे असं पाहिलं की मलाच पोटात तुटलं. पण गेला बिचारा. कुठल्याच म्हाताऱ्याला शाप द्यायला तोंड उरलं नाही, कारण पोरांनी म्हाताऱ्यांचाच नियम पाळला होता.

फिलिपानं मला बाजूला नेऊन एप्रन मागून घेतला आणि म्हणाली, पाहुण्यांसमोर शोभा केलीस, सामान आवर. मी म्हटलं की दूध गार पडलंय, चहाआधी गरम करून घ्या. म्हाताऱ्यांना कसलीच बंदी नसते, ते परात ओढून बसले आणि सगळी बकरी फस्त केली. बाबांनी मात्र हात लावला नाही. ते विस्तवाकडे बघत बसून होते.

आता मी कॅम्पच्या फाटकापाशी वाढप्याच्या झोपडीत आहे. स्वयंपाकघर गेलं. त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं, सकाळी उठले की हात पीठ शोधतात. पण केलं त्याचा पस्तावा नाही, तसूभरही नाही.

माझ्या जागेची काळजी करू नकोस, मायेची जागा सांभाळून ठेव.
तुझी,
सिलांतोई

---

लोइतोकितोक,
दि. २ जुलै

सिलांतोईबाईंस,
आत्याचे अ. आ.

दचकू नकोस, मायना मुद्दाम बदललाय. कारण पुढे आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं. माझी चूक झाली. तो नियम मला अजूनही आवडत नाही, एक दिवस तो मोडायलाच हवा. पण मोडू तो आपण मोडू, आपल्या मर्जीनं. पाहुण्यांना वाढायला तो भाड्यानं द्यायचा हक्क कमिटीला कुणी दिला?

काल तुझे वडील आले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घराचा उंबरा ओलांडलान. टपाच्या गाडीतून धुळीनं माखून आला, बसला, आणि तोंड सुटलं ते थांबेना. ती बाई म्हणे चारचौघांत बापाला बोलते. त्या बाईला लाजलज्जा उरली नाही. तू शिकवलंस, तू बिघडवलंस, आणि त्या बाईनं माझं नाक कापलं.  दर वेळी त्याच्या तोंडून बाई आलं की मी त्याच्या चहात एक चमचा साखर घालत होते. पाक झाला, पण पठ्ठ्याला कळलं नाही, पिऊन टाकला.

जाताना दारात थांबला आणि मला काठी दाखवून बजावलं. लेमायानच्या डोकं भादरण्याच्या दिवशी त्या बाईला मोरानांच्या मांसाजवळ फिरकू देऊ नकोस. यायचंच असेल तर बायकांच्या कुंपणामागे, बायकांबरोबर बसायचं. एवढं बोलून तो गेला. मी दार लावलं आणि एकटीच मोठ्यानं हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. तुझ्या आईला निरोप धाडलाय. ती म्हणाली, वस्तरा परजून ठेवते.

आता कळव, येतेस का? आणि फाटकापाशी काय खातेस तेही कळव.
आशीर्वाद नेहमीचेच, अभिमान मात्र ताजा.
तुझी आत्या,
नाइसुला

---

ओसिराम कॅम्प, स्वयंपाकघर,
दि. १० जुलै

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

वर पत्ता वाचलास ना? नैरोबीहून नवा आचारी आणला होता. त्याचा पाव माकडांनी उचलून नेला आणि परत आणून टाकला, असं वाढपी शपथेवर सांगतो. परवा फिलिपा स्वतः एप्रन घेऊन झोपडीपाशी आली. मी लगेच घेतला नाही. म्हटलं, मोरान हवे तर नाचतील, पण जेवतील ते पूर्वीसारखे रानात, कुणी न बघता. ती हो म्हणाली. मग जरा घुटमळली आणि विचारू लागली की म्हाताऱ्यांच्या हिशेबात ती स्वतः कधी बाई होणार? मी म्हटलं, वाट बघत बसू नका, माझं मीच होऊन घेतलं.

समारंभाला मी येणार. बाबांना माझा निरोप सांग, अगदी असाच सांग, साखर न घालता. त्यांची लेक बायकांच्या कुंपणामागे, आईच्या शेजारी बसेल. आणि मोरानांचं मांस निघालं की सगळ्या बायकांच्या आधी तोंड फिरवेल.

भेटीअंती सगळं बोलूच, तोवर तुझी माया अशीच तिखट राहो.
तुझी,
सिलांतोई